घरशोधाचं पोर्टल आणि स्पर्धा आयोग: एका एजंटच्या अर्जाचा प्रवास

मी नाशिकमध्ये मालमत्ता एजंट आहे. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी आहे, गंगापूर रोड, इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा या भागांतले फ्लॅट प्रामुख्याने बघते, ऑफिसात मी आणि एक मदतनीस. घरं शोधण्याच्या एका मोठ्या पोर्टलविरुद्ध मी भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, गेले. २०२४च्या सुरुवातीला सुरू झालेलं ते प्रकरण २०२५च्या मध्याला संपलं. आदेश माझ्या बाजूने लागला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कोणी जिंकण्याची पद्धत शोधत इथवर आलं असेल तर त्याची निराशा व्हायला नको. पण वाट कशी असते, कागद कोणते लागतात, पैसे किती जातात आणि खरी अडचण कुठे येते, हे आता मला माहीत आहे. मी सुरुवात केली तेव्हा ते मराठीत कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. पोर्टलचं नाव मी इथे घेणार नाही.

झालं असं. २०२३च्या दिवाळीनंतर त्या पोर्टलवर जाहिराती टाकण्याचं माझं वार्षिक पॅकेज नूतनीकरणाला आलं. रक्कम आदल्या वर्षीच्या दुपटीच्या जवळ गेलेली होती, त्यावर १८ टक्के जीएसटी. एवढंच असतं तर मी कुरकुर करून भरले असते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा चौकश्यांपैकी सहा-सात त्या एकाच पोर्टलवरून येत होत्या. पण सोबत तीन नव्या गोष्टी होत्या. सवलतीचं पॅकेज हवं असेल तर नवी जाहिरात पहिले काही आठवडे दुसऱ्या कुठल्याही पोर्टलवर टाकायची नाही, अशी अट आली. ‘पडताळलेलं’ हा शिक्का महागड्या पॅकेजलाच मिळू लागला. आणि पोर्टलने स्वतःची दलालीची सेवा शहरात सुरू केली. त्या सेवेकडचे फ्लॅट आपोआप वर दिसू लागले. दोन बीएचके, तोच भाग, तोच बजेट टाकून शोधलं की पहिल्या पडद्यावर त्यांचेच फ्लॅट. माझा फ्लॅट कमी किमतीचा, ताजा, सगळे फोटो असलेला, आणि तो तिसऱ्या पानावर.

घर शोधणाऱ्या माणसाला वाटतं की यादीत वर आहे ते आपल्या गरजेला जास्त जुळणारं आहे. आयुष्यभराची कमाई घालायची असते त्याला. तो क्रम पैशावर किंवा पोर्टलच्या स्वतःच्या धंद्यावर ठरत असेल, तर तसं त्याला कळायला हवं. या मुद्द्यावर मी आजही तेवढीच ठाम आहे.

जानेवारी ते मार्च २०२४ हा काळ कुठे जायचं हे ठरवण्यात गेला. पोर्टलच्या ग्राहक सेवेला ईमेल पाठवले. उत्तरं गोड आणि पोकळ होती, पण ती सगळी जपून ठेवली, पुढे उपयोगी पडली. ग्राहक आयोगाचा विचार केला. तिथे पहिलाच प्रश्न येतो की सेवा धंद्यासाठी घेतली होती का. उपजीविकेसाठी स्वतः काम करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण तिथे जास्तीत जास्त माझ्या पॅकेजच्या पैशांचा वाद मिटला असता. क्रम कसा लावला जातो आणि दुसऱ्या पोर्टलवर जाऊ न देण्याची अट योग्य आहे का, हे प्रश्न तसेच राहिले असते.

शहरातले एक ज्येष्ठ एजंट आहेत, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या ऑफिसात आम्ही बरेच जण बसलो. बोलले सगळे, सही करायला मात्र फार थोडे तयार होते. त्यांना दोष देत नाही. ज्या दारातून गिऱ्हाईक येतं त्या दारावर दगड मारायला हिंमत लागते, आणि ज्याच्या डोक्यावर ऑफिसचा हप्ता आहे त्याने विचार करणं साहजिक आहे. अण्णा म्हणाले, “ताई, तुम्ही नाव द्या, पुरावे आम्ही देतो.” तसंच ठरलं.

नाशिकमधल्याच एका कंपनी सेक्रेटरी मॅडमनी काम हाती घेतलं. स्पर्धा आयोगापुढे वकीलच लागतो असं नाही. कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे माणूस स्वतः उभा राहू शकतो, किंवा वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट यांपैकी कोणाला अधिकार देऊ शकतो. मुंबईच्या एका कायदा फर्मने सांगितलेला आकडा काही लाखांत होता. मॅडमनी मसुदा, छाननी आणि पत्रव्यवहार मिळून ३५,००० रुपये घेतले. विचारणा करताना हा फरक लक्षात ठेवा.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमच्यावर अन्याय झाला हे मला पटलं. पण तो मुद्दा तिसरा आहे. आधीचे दोन मुद्दे सिद्ध झाले नाहीत तर तिसऱ्यापर्यंत कोणी पोहोचणारच नाही.”

स्पर्धा कायदा २००२चा, त्यातली कलमं ३ आणि ४ लागू झाली २० मे २००९ रोजी. कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल आहे. मोठं असणं, बाजारात पहिला असणं, यात बेकायदेशीर काही नाही. आयोग तीन गोष्टी क्रमाने बघतो. ज्या बाजारपेठेबद्दल बोलतोय ती नेमकी कोणती. त्या बाजारपेठेत या कंपनीचं वर्चस्व आहे का, म्हणजे स्पर्धकांची फिकीर न करता ती वागू शकते का. आणि मग, ते वर्चस्व वापरून तिने अन्यायकारक अट घातली, कोणाची वाट अडवली किंवा एका बाजारातली ताकद दुसऱ्या बाजारात घुसायला वापरली का. दुसऱ्या पोर्टलवर जाहिरात न टाकण्याची अट, शिक्का, आणि त्यांची दलालीची सेवा या तिन्ही गोष्टी शेवटच्या प्रश्नातल्या. सगळी चीड तिथे होती, आणि कायद्याचं सगळं वजन पहिल्या दोन प्रश्नांवर.

मॅडमनी मला जुने आदेश वाचायला लावले. आयोगाच्या संकेतस्थळावर ते मोफत आहेत, इंग्रजी जड आहे, पण दोन-तीन वाचले की साचा कळतो. डीएलएफ या बांधकाम कंपनीचं प्रकरण घर घेणाऱ्यांचं म्हणून प्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०११मध्ये आयोगाने त्या कंपनीला ६३० कोटी रुपये दंड केला. तो आदेश मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तिथे बाजारपेठ अगदी अरुंद धरलेली आहे: गुडगावमधली उच्च दर्जाची निवासी घरं. देशभरातली सगळी घरं धरली असती तर कोणाचंच वर्चस्व दिसलं नसतं. दुसरा आदेश गूगलचा, फेब्रुवारी २०१८चा, १३५.८६ कोटी रुपये दंडाचा. शोधाच्या निकालात स्वतःच्या सेवेला झुकतं माप देणं हाही गैरवापर असू शकतो, हे त्यातून कळतं. त्या तक्रारी २०१२च्या होत्या, हेही लक्षात ठेवलं, म्हणजे किती वेळ लागू शकतो याचा अंदाज आला.

आणि एक आदेश होता जो वाचून माझं मन खचलं. २०१६मध्ये दलालांच्या एका संघटनेने एकाच वेळी अनेक मालमत्ता पोर्टलांविरुद्ध अर्ज केला होता. आयोगाने तो सुरुवातीलाच बंद केला. बाजारात अनेक पोर्टलं एकमेकांशी झुंजत आहेत, एकट्या कोणाचं वर्चस्व नाही, आणि ‘सगळ्यांचं मिळून वर्चस्व’ ही कल्पना आपल्या कायद्यात नाही, असा त्याचा आशय. परदेशातलंही एक प्रकरण मॅडमनी शोधून दिलं. नेदरलँड्समध्ये फंडा नावाचं घरांचं मोठं पोर्टल आहे. तिथल्या एजंटांच्या एका संघटनेच्या सभासदांची घरं यादीत वर यायची, आणि बाहेरच्या एजंटांची खाली. बाहेरचे कोर्टात गेले आणि २०१८मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात हरले. क्रमातल्या फरकामुळे स्पर्धेवर प्रत्यक्ष परिणाम झाला हे त्यांना दाखवता आलं नाही. म्हणजे यादीत खाली ढकललं गेल्याचं दाखवणं पुरेसं नाही. त्यामुळे घरं विकली जायची राहिली, एजंट धंद्यातून गेले, गिऱ्हाइकाला जास्त पैसे पडले, यातलं काहीतरी आकड्यांत दिसायला हवं.

एप्रिल ते जुलै आम्ही पुरावे गोळा केले, आणि या प्रक्रियेतला सगळ्यात उपयोगी काळ तोच होता. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, तोच भाग, तेच बजेट, तेच फिल्टर टाकून शोध घ्यायचा. लॉगिन न करता, इन्कॉग्निटो खिडकीतून, आणि वेगवेगळ्या जणांच्या फोनवरून, कारण नाहीतर पोर्टल म्हणेल की तुमच्या जुन्या सवयीप्रमाणे निकाल दिसले. प्रत्येक पडद्याचा फोटो, त्यात वरची तारीख-वेळ आणि पत्त्याची ओळ दिसली पाहिजे. एका वहीत नोंद: पहिल्या पानावर किती घरं, त्यांतली पोर्टलच्या दलाली सेवेची किती, महागड्या पॅकेजवाल्या एजंटांची किती, बाकीच्यांची किती. माझी मदतनीस मुलगी हे काम इतक्या नेटकेपणाने करायची की पुढे ती वहीच आमचं मुख्य परिशिष्ट झाली.

याशिवाय चार वर्षांची बिलं, पॅकेजच्या अटींच्या जुन्या आणि नव्या प्रती, पोर्टलच्या रिलेशनशिप मॅनेजरचे ईमेल. त्याने एका ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की दुसरीकडे जाहिरात दिसली तर सवलत काढून घेऊ. तो एक ईमेल दहा तोंडी तक्रारींना भारी होता. फोनवर बोलणं होत असेल तर नंतर “आपलं असं असं बोलणं झालं” म्हणून ईमेल टाका, म्हणजे नोंद राहते.

बाजारपेठ दाखवण्यासाठी आम्ही वेगळा कागद केला. नाशिकमध्ये घर शोधणारा माणूस कुठे कुठे शोधतो? वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती, सोसायटीच्या गेटवरचे बोर्ड, व्हॉट्सॲप ग्रुप, ओळखीतून, आणि पोर्टलं. आमचं म्हणणं होतं की पोर्टल ही वेगळी बाजारपेठ आहे, कारण फोटो, किंमत आणि नकाशा एका जागी घेऊन रात्री अकरा वाजता पुण्याहून नाशिकचं घर शोधणाऱ्याला गेटवरच्या बोर्डाचा उपयोग नाही. आणि भौगोलिक बाजारपेठ नाशिक शहर, कारण नाशिकमध्ये घर घेणारा औरंगाबाद रोडवरचं बघेल, नागपूरचं बघणार नाही. कलम १९मध्ये वर्चस्व आणि बाजारपेठ ठरवताना काय काय बघायचं याची यादीच दिली आहे: बाजारातला वाटा, कंपनीचं आकारमान आणि साधनं, ग्राहकांचं अवलंबित्व, नव्या स्पर्धकाला येण्यात अडथळे, आणि आणखी बरंच. आम्ही ती यादी समोर ठेवून एकेका मुद्द्याखाली पुरावा लिहीत गेलो. काही मुद्द्यांखाली लिहायला काहीच नव्हतं. बाजारातला वाटा हा त्यांतला सगळ्यात मोठा. शहराच्या पातळीवर पोर्टलांचा वाटा सांगणारा विश्वासार्ह आकडा बाहेर उपलब्धच नसतो. तो असतो पोर्टलांकडे. आम्ही तयार असलेल्या एजंटांच्या चौकश्यांच्या नोंदी एकत्र करून अंदाज मांडला आणि तो अंदाज आहे असंच लिहिलं. खोटी माहिती देणाऱ्याला कलम ४५ खाली दंड होऊ शकतो. फुगवून लिहिण्याचा मोह झाला तर हे कलम आठवा.

आणखी दोन कागद जोडले, ते कोणालाही उपयोगी पडतील. आयोगाने जानेवारी २०२०मध्ये ई-कॉमर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शोधाचा क्रम कशावर ठरतो हे प्लॅटफॉर्मनी आपल्या अटींमध्ये उघड करावं असं सुचवलेलं आहे. आणि ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतही क्रमवारीचे मुख्य निकष समजावून सांगण्याची अपेक्षा आहे. मार्च २०२४मध्ये डिजिटल स्पर्धा कायद्यावरच्या समितीचा अहवाल आणि विधेयकाचा मसुदाही आला होता, त्यात स्वतःच्या सेवेला झुकतं माप देण्याचा मुद्दा ठळक आहे. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे, म्हणून त्यावर भिस्त ठेवली नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये अर्ज दाखल केला. व्यक्ती म्हणून अर्ज केला तर शुल्क ५,००० रुपये. फर्म किंवा कंपनी म्हणून गेलात तर उलाढालीप्रमाणे ते वाढतं, म्हणून मी स्वतःच्या नावाने गेले. अर्जदाराचं स्वतःचं नुकसान झालेलं असलंच पाहिजे असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये समीर अग्रवाल प्रकरणात सांगितलं आहे की कोणीही व्यक्ती आयोगाला माहिती देऊ शकते. मुदत मात्र आता आहे: २०२३च्या दुरुस्तीनंतर, घटना घडल्यापासून तीन वर्षांत अर्ज यायला हवा. उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं.

अर्जात घटनाक्रम, कोणतं कलम कसं मोडलं, पुराव्यांची यादी, काय मागणी आहे, आणि त्याच पक्षाशी दुसरीकडे काही खटला चालू आहे का, हे सगळं लागतं. सोबत प्रतिज्ञापत्र. फोटो आणि ईमेल इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्यामुळे त्याचं वेगळं प्रमाणपत्र. १ जुलै २०२४पासून पुरावा कायदा बदलला, म्हणून जुन्या कायद्यातल्या कलम ‘६५ ब’च्या नमुन्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चा नमुना वापरावा लागला. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्याकडे जुनाच नमुना तयार होता, मॅडमनी नवा छापून नेला होता. नोटरी, झेरॉक्स, बाइंडिंग, स्पीड पोस्ट मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले.

नाव गुप्त ठेवण्याची विनंती लेखी करता येते. मी केली नाही, कारण माझ्या बिलांवरून आणि फ्लॅटवरून पोर्टलने मला ओळखलंच असतं. पण गिऱ्हाइकांचे फोन नंबर, व्यवहाराच्या किमती आणि ज्या एजंटांनी आपल्या नोंदी दिल्या त्यांची नावं झाकणं माझं कर्तव्य होतं. त्यासाठी दोन प्रती कराव्या लागतात, एक गोपनीय आणि एक सार्वजनिक, आणि प्रत्येक झाकलेल्या ओळीसाठी का झाकली हे लिहावं लागतं. रात्ररात्र काळ्या पट्ट्या मारत बसलो होतो. हे काम शेवटी ठेवू नका, प्रत्येक कागद हातात येईल तेव्हाच ठरवा.

सप्टेंबरमध्ये आयोगाच्या सचिवालयाकडून त्रुटींचं पत्र आलं. पाहून छातीत धस्स झालं, पण असं पत्र येणं नेहमीचं असतं. पानांचे क्रमांक, एका परिशिष्टाची अस्पष्ट प्रत, प्रतिज्ञापत्रात एका परिच्छेदाचा उल्लेख. दिलेल्या मुदतीत दुरुस्त करून पाठवलं. मग डायरी क्रमांकाच्या जागी प्रकरण क्रमांक मिळाला, आणि त्या दिवशी मी अण्णांच्या ऑफिसात पेढे नेले.

त्यानंतर महिनोन्‌महिने शांतता. या टप्प्यावर समोरच्याला ऐकून घ्यायला आयोग बांधील नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सेल (स्टील ॲथॉरिटी ऑफ इंडिया) या कंपनीच्या प्रकरणात तसं म्हटलेलं आहे. हवं असेल तर तो दोघांनाही प्राथमिक चर्चेला बोलावू शकतो. आमच्या प्रकरणात आयोगाने पोर्टलचं लेखी म्हणणं मागवलं आणि त्याची प्रत आम्हाला मिळाली. या वाट बघण्याच्या काळात पोर्टलने माझं खातं बंद केलं नाही, हे नोंदवते. चौकश्या कमी झाल्या, पण त्याचं कारण मला सिद्ध करता येत नाही, म्हणून त्याबद्दल काही म्हणत नाही.

पोर्टलचं उत्तर जाडजूड होतं. त्यांचं म्हणणं: एजंट एकाच वेळी अनेक पोर्टलांवर जाहिरात देतात, अर्ज करणारी मी स्वतःसुद्धा देत होते; पोर्टल आणि बाकीचे मार्ग एकमेकांना पर्याय आहेत; बाजारपेठ नाशिकपुरती नसून देशभराची आहे; आणि सवलत ऐच्छिक आहे. पण त्याच उत्तरात, शपथेवर, त्यांनी मान्य केलं होतं की घरांचा क्रम ठरवताना पॅकेजचा प्रकार विचारात घेतला जातो. ग्राहक सेवेला लिहिलेल्या ईमेलांना जे उत्तर कधीच मिळालं नव्हतं ते इथे पानावर होतं. मला रडू आलं. इतके महिने लोक म्हणत होते की तुमचाच भ्रम आहे, फोटो चांगले टाका.

जानेवारी २०२५मध्ये प्राथमिक चर्चेसाठी दिल्लीला गेलो, मी आणि मॅडम. नाशिक रोडवरून राजधानीने निजामुद्दीन, तिथून रिक्षाने पूर्व किदवई नगर. आयोगाचं ऑफिस तिथल्या ऑफिस ब्लॉक १मध्ये आहे. दिल्लीची जानेवारी आणि धुकं धरून आदल्या दिवशीच पोहोचा, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. प्रवास आणि राहणं मिळून दोघींचे वीस हजारांच्या आत भागले. ओळखपत्र, अधिकारपत्राची मूळ प्रत आणि सगळ्या फाइलचा एक संच सोबत ठेवा.

कोर्टासारखी उलटतपासणी असेल असं वाटून पोटात गोळा होता. तसं काही नव्हतं. सदस्य शांतपणे विचारत होते, आणि जवळजवळ सगळे प्रश्न बाजारपेठेबद्दल. उद्या हे पोर्टल महाग झालं तर तुम्ही कुठे जाल? गेल्या वर्षी तुमची किती घरं दुसऱ्या मार्गाने विकली गेली? नवं पोर्टल गेल्या काही वर्षांत शहरात आलं का? मी जे खरं होतं ते सांगितलं: विकल्या गेलेल्या घरांपैकी साधारण तिसरा भाग ओळखीतून आणि बोर्डावरून गेला, आणि एक नवं पोर्टल आलं होतं. मॅडमनी नंतर सांगितलं की ही उत्तरं आपल्याला जड जाणार. तरी त्यांनी मला ती बदलायला कधी सुचवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आदेश मे महिन्यात आला, ईमेलने. कलम २६(२) खाली प्रकरण बंद. कारणं दिलेली होती आणि ती मी नीट वाचली. बाजारपेठ नाशिकपुरती मानायला पुरेसा आधार नाही. देशभर पाहिलं तर अनेक मोठी पोर्टलं आहेत. एजंट आणि घर शोधणारे दोघेही एकाहून जास्त पोर्टलं वापरतात. त्यामुळे वर्चस्व दिसत नाही आणि गैरवापराचा प्रश्न तपासण्याची गरज राहत नाही. क्रमवारीतल्या पारदर्शकतेबद्दल आमचे आकडे आदेशात नोंदवले गेले, त्यावर निष्कर्ष नाही. प्रथमदर्शनी प्रकरण दिसलं असतं तर कलम २६(१) खाली महासंचालकांकडे, म्हणजे आयोगासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तपास गेला असता, आणि आमच्याकडे नसलेले बाजारातल्या वाट्याचे आकडे पोर्टलकडून मागवण्याचा अधिकार त्यांना आहे. ते आकडे तपासाशिवाय मिळत नाहीत, आणि तपास सुरू व्हायला त्या आकड्यांसारखं काहीतरी आधी दाखवावं लागतं. लहान माणसाची सगळी दमछाक या जागी होते.

दोन दिवस मी ऑफिस उघडलं नाही.

अपिलासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांची मुदत असते. मी, मॅडम आणि अण्णा बसलो. दिल्लीतला वकील, पुन्हा प्रवास, आणि हातात तोच पुरावा. मॅडमनी एक गोष्ट समजावली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०२३च्या दुरुस्तीने कलम २६मध्ये २अ हे पोटकलम आलं आहे. ज्या वस्तुस्थितीवर आयोगाने आधीच निर्णय दिला आहे, तीच किंवा जवळजवळ तीच घेऊन पुन्हा कोणी आलं तर आयोग चौकशी नाकारू शकतो. म्हणजे घाईने, अर्धवट पुराव्यावर केलेला अर्ज आपल्यापुरता राहत नाही, मागून येणाऱ्यालाही अडवू शकतो. त्यामुळे एकट्याने रागाच्या भरात जाऊ नका, असं मी सगळ्या एजंट मित्रमैत्रिणींना कळकळीने सांगते. आयोगासमोर मांडलेला विषय तुमच्या मालकीचा राहत नाही. आयोग बाजारासाठी चौकशी करतो, तुमची भरपाई त्यात नसते. भरपाईचा वेगळा अर्ज अपील न्यायाधिकरणापुढे करता येतो, पण उल्लंघन ठरल्यावरच.

अपील केलं नाही. एकूण खर्च सत्तर हजारांच्या आत राहिला. त्यात अण्णांनी आणि इतरांनी मिळून निम्म्याच्या जवळ वाटा उचलला, मी मागितला नसताना.

आता आम्ही काय करतोय ते सांगते, कारण पुढचा अर्ज ज्याला करायचा असेल त्याला इथून सुरुवात करता येईल. आदेशाच्या तारखेनंतरच्या नव्या गोष्टी वेगळ्या वहीत जातात, जुन्या वहीत नाही. प्रत्येक एजंट आपल्या चौकश्यांचा उगम एकाच साच्यात नोंदवतो: पोर्टल, बोर्ड, ओळख, वर्तमानपत्र. जे गिऱ्हाईक तयार असेल त्याला आम्ही विचारतो की घर शोधताना किती पोर्टलं उघडली, यादीत वर असलेलं घर कशामुळे वर आहे असं वाटलं, आणि त्याची सही घेतो. पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या काही एजंटांनी तोच साचा घेतला आहे, म्हणजे बाजारपेठ शहराची की राज्याची या प्रश्नावर पुढच्या वेळी आकड्यांनिशी बोलता येईल. आणि पोर्टलच्या उत्तरातलं, क्रम पॅकेज बघून ठरतो हे वाक्य मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगते, म्हणजे तो तिसऱ्या पानापर्यंत जाऊन बघतो.